काळी चार

पेटीवाले गुरुजी शाळेच्या हजेरीपटावर नव्हते. सकाळी प्रार्थनेपुरते ते येत, व्हरांड्यातल्या बाकावर पेटी उघडत, चौथ्या काळ्या पट्टीचा, म्हणजे काळी चारचा षड्ज देत आणि प्रार्थना संपली की आपल्या हापूसच्या कलमांकडे परत जात. पावसाळ्यात दमट, खाऱ्या हवेने पट्ट्या फुगून अडकू लागल्या, की त्या एकेक सोडवून कोरड्या फडक्याने पुसताना मी त्यांना कितीदा पाहिले आहे. तरीही १९८४ साली शाळा सोडेपर्यंत त्यांच्या वादनाकडे मी घंटेच्या टोलाइतकेच लक्ष दिले, याची मला आज खंत वाटते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात देवगडहून घरी परतताना शेवटची एसटी चुकली आणि पावसापासून आसरा म्हणून मी वाटेवरच्या एका देवळात शिरलो. तेथे अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. वाड्यावाड्यांची भजनी मंडळे पाळीपाळीने उभी राहत होती. ना तिकीट, ना निमंत्रण, ज्याने यावे त्याने खांबाशी टेकून ऐकावे. मृदंगाच्या शेजारी पेटीवर गुरुजी बसले होते. ऐंशी ओलांडलेले, डाव्या हाताने भाता सावकाश हलवणारे, उजव्या हाताची करंगळी वाकडी झालेले.

रूपाचा अभंग झाल्यावर तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा गायला लागला. आवाज गोड होता, पण तार षड्जावर, वरच्या ‘सा’वर, तो एकाएकी चिरकला आणि मुलाने मान खाली घातली. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले नाही. तो सूर त्यांनी पेटीवर धरून ठेवला, मंडळींनी मागून ओळ उचलली आणि अभंग जणू काही न घडता पुढे गेला. पुढचा अभंग मात्र त्यांनी काळी चारवरून थेट काळी दोनवर उतरवला, आणि मुलगा मोकळ्या आवाजात शेवटपर्यंत गायला.

तेव्हा मला आठवले की आम्ही नववीत असताना, वर्गातल्या बहुतेकांचे आवाज फुटत होते त्या वर्षी, प्रार्थनाही अशीच खाली आली होती. हेडसरांना ती मंद वाटे आणि आम्हाला तिचे कारण कधी विचारावेसे वाटले नाही.

पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, मिळत नाहीत, असा जुन्या जाणकारांचा आक्षेप होता आणि १९४० साली रेडिओवर तिला आलेली बंदी १९७१ मध्ये शिथिल झाली. गुरुजींचे शिकण्याचे वय त्याच काळातले. आक्षेप खोटा नव्हे. पण बारा सुरांच्या त्या पेटीतून गाणाऱ्याला किती जपता येते, हे त्या रात्री मी ऐकले. तरुणपणी ते भरभर ताना घेत असतील. आता बोटे थकली होती, आणि गाळलेल्या प्रत्येक सुराच्या जागी मुलाला श्वास घ्यायला वाव मिळत होता.

पाळी संपल्यावर मी पाया पडलो, शाळेचे नाव सांगितले आणि नववीच्या प्रार्थनेविषयी विचारले.

‘‘आवाज फुटता तेव्हा पोराक वर ओढूचा नाय रे,’’ ते म्हणाले. ‘‘आपण खाली उतरूचा.’’

मग त्यांनी भात्याची कडी लावली, पेटीवर जुने लुगडे पांघरले आणि पहाटेच्या पाळीला कोणत्या वाडीचे मंडळ आहे, ते शेजारच्याला विचारले.