डोक्यावरची फरशी

रात्री सव्वाअकराला आमच्या डोक्यावर खुर्ची सरकते. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा लांबलचक, घर्रर्र करून. मग पाच-सात मिनिटं काही नाही. मग पुन्हा एकदा, आखूड. पहिली म्हणजे कोणीतरी उठलं, दुसरी म्हणजे खुर्ची टेबलाखाली गेली, एवढं मला आता पाठ आहे. या दोहोंच्या मध्ये मी छताकडे बघत पडलेला असतो. आता सरकेल, मग सरकेल. खुर्ची परवडली, पण ती वाट बघणं नको.

गंमत म्हणजे आमची इमारत मुलुंडला रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. शेवटची लोकल, पहिली लोकल, मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या. राहायला आलेला पाहुणा पहिल्या रात्री तळमळतो आणि सकाळी चहा घेताना डोळे चोळत विचारतो, 'तुम्ही झोपता कसे हो?' कुठली गाडी, असं आम्ही त्यालाच विचारतो. गाडीला मालक नाही. खुर्चीला आहे. तो 403 मध्ये राहतो, लिफ्टमध्ये भेटला की छान हसतो, आणि रात्री सव्वाअकराला उठतो.

हे दुखणं तसं 2020 पासूनचं. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीला मुंबई पोलिसांच्या हॉर्नवरच्या उपायाची फार चर्चा होती. काही सिग्नलांवर आवाज मोजणारं यंत्र लावलं होतं. तो 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. वाजवा हॉर्न, थांबा आणखी! तो व्हिडिओ आम्ही एकमेकांना पाठवून होतो न होतो तोच मार्च आला आणि हॉर्नच काय, लोकलसुद्धा बंद. त्या शांततेत आम्हाला पहिल्यांदा एकमेकांची घरं ऐकू आली. 403 मध्ये कुकरच्या चार शिट्ट्या होतात, त्यांचा मिक्सर सव्वासहाला लागतो, त्यांच्या मुलाचं ऑफिसचं काम रात्री अकरापर्यंत चालतं. आणि काम संपलं की तो उठतो. पुढे लोकल सुरू झाल्या, पण एकदा ऐकू यायला लागलेली खुर्ची काही परत बंद झाली नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे का बघावं, म्हणून मी एकदा मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रहिवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. इस्पितळं, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे आणखी पाच कमी. गणपती-नवरात्रात कुठल्या रात्री बारापर्यंत स्पीकर, यावर दरवर्षी जी घासाघीस चालते तीही यातूनच आलेली. सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस अशी सूट देता येते. तर मी टीव्ही बंद केला, खिडक्या लावल्या आणि श्वास रोखून हॉलच्या मधोमध फोन धरला. आकडा 48. नुसत्या पंख्याचा! म्हणजे रात्रीच्या मर्यादेचा पहिला गुन्हेगार घरातच निघाला. (डेसिबलचा हिशेबही वाण्याच्या दुकानातला नाही. दहाने वाढला की आवाजाची ताकद दसपट होते, कानाला मात्र साधारण दुप्पट वाटतं. हे वाचल्यावर मी अ‍ॅप काढून टाकलं.) शिवाय हे सगळे नियम बाहेरच्या आवाजांचे. भोंगे, फटाके, बांधकामाची यंत्रं. डायनिंग टेबलच्या खुर्चीबद्दल त्यात चकार शब्द नाही.

भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याला हे सांगितलं तर त्याने आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाला, 'मामा, बोलणं, टीव्ही, गाणी हे हवेतून येतात, ते भिंत बरेचसे अडवते. खुर्ची, हातोडी, टाच आपटून चालणं, हे थेट स्लॅबलाच हाणतात. तुमचा स्लॅब पाच-सहा इंचांचा, त्यावर फरशी घट्ट बसवलेली, सगळं एकजीव. तुम्ही ढोलाच्या आत राहता असं समजा.' काँक्रीटमधला आवाज बीम-कॉलम धरून कुठल्या कुठे जातो. 601 मधलं ड्रिल आपल्याच न्हाणीघरात चाललंय असं वाटतं आणि लोक भलत्याच दाराची बेल दाबून येतात. रात्री वरून गोट्या घरंगळल्याचा आवाज येतो ना, ज्यावरून कितीतरी इमारतींत भुताच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत, तोही पुष्कळदा पाइपातलं पाणी एकाएकी अडल्यामुळे बसलेला धक्का असतो. 'मग उपाय?' मी विचारलं. 'खुर्चीला रबरी बुचं,' तो म्हणाला. 'आणि ती लावायला सांगण्याचं धाडस.'

धाडसाचा भाग खरा. कारण माझ्यावर संस्कार उलटे झालेत.

मी वाढलो गिरगावातल्या चाळीत. दोन खोल्या, पुढे सामायिक गॅलरी, पायाखाली लाकडी तुळयांवरची जमीन आणि शेजारच्या बिऱ्हाडाशी मधली भिंत म्हणजे फळ्यांचं पार्टिशन, त्यावर ऑइलपेंटचे सात थर. शेजारच्या काकांनी कूस बदलली तरी कळायचं. आवाज करायची तिथेही रीत होतीच. आजी मसाला कुटायला बसली की खलबत्त्याखाली आधी गोणपाटाची घडी, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा. आणि त्याआधी मला जिन्यावरून पिटाळायची, 'जा, खालच्या वहिनींना सांग, मी कुटायला बसतेय, बाळाला एवढ्यात झोपवू नका म्हणावं.' मी सांगून यायचो. येताना वहिनींचा उलट निरोप असायचा, 'आजींना म्हणावं, चमचाभर आमच्यासाठीही ठेवा.' पुढचा तासभर बत्ता आदळायचा तो दोन्ही घरांच्या मसाल्यासाठी, मग कोण काय बोलणार?

पण चाळीतली खरी रीत आवाज करणाऱ्यासाठी नव्हती. ऐकणाऱ्यासाठी होती.

पार्टिशनपलीकडे नवरा-बायकोची जुंपली, आणि महिनाअखेरीला ती जुंपायचीच, की आजी हातातलं टाकून उठायची आणि स्टोव्ह पेटवायची. चहाची वेळ नसायची. पिन मारायची, काकडा लावायची, मग फटाफट पंप. बघता बघता स्टोव्ह असा फुरफुरायला लागायचा की पलीकडचं वाक्य मध्येच बुडून जायचं. वर एक रिकामं पातेलं. रॉकेल तेव्हा रेशनवर रांग लावून मिळायचं, आईच्या कपाळाला आठी पडायची, पण ती काही बोलायची नाही. मी एकदा विचारलं, 'आजी, चहा टाकतेस?' आजी म्हणाली, 'पाढे म्हण. मोठ्याने म्हण.' आम्हा पोरांना ते कानावर पडू नये म्हणून ती हे करते, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. असेलही थोडंसं. पण रॉकेल जळायचं ते पलीकडच्यांसाठी. इकडे काही ऐकू येत नाहीये, बोला निवांत, असा तो निरोप होता. दुसऱ्या दिवशी नळावर तीच बाई डोळे सुजवून उभी असायची आणि आजी तिला विचारायची, 'आज पाणी लवकर गेलं का हो?'

चाळीचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. ज्या आवाजांवर आजीचा स्टोव्ह चालायचा त्यातल्या एक-दोन वेळी स्टोव्ह नको होता, उठून दार ठोठवायला हवं होतं. ते कोणीच ठोठावलं नाही. आजीनेही नाही.

फ्लॅटमध्ये आल्यावर सगळी रीत आवाज करणाऱ्याच्या गळ्यात पडली आणि ऐकणारा मोकळा झाला. घराचं काम काढलं की लिफ्टमध्ये कागद लावायचा, दुपारी दोन ते चार तोडफोड बंद ठेवायची, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत तर कामच काढायचं नाही. हे चांगलंच आहे. पण कुठे काही खुट्ट झालं की सोसायटीच्या ग्रुपवर पडतं, 'हू इज ड्रिलिंग?' विचारणारा आणि ड्रिल करणारा यांच्यामध्ये एक भिंत असते, पण निरोप जातो 84 घरांना. मीही एकदा रात्री सव्वाअकराला रागारागाने टाइप केलं होतं, 'काही घरांतील खुर्च्यांबाबत...' आणि पुढे शब्द सुचेनात म्हणून पुसून टाकलं.

शेवटी मागच्या महिन्यात एका शनिवारी मी वर गेलो. शर्टाच्या खिशात रबरी बुचांचं पाकीट. सहा खुर्च्यांची 24 बुचं. वाक्यही तयार केलं होतं, 'आमच्यासाठी आणली, जास्त आली, म्हटलं तुम्हाला द्यावी.' बायको म्हणाली, 'जाऊन या, मी तोवर लसूण सोलते.'

403 च्या काकांनी दार उघडलं आणि त्यांना इतका आनंद झाला की मी वाक्य गिळलं. 'अहो, या या, आज कशी वाट चुकलात?' काकूंनी चहा टाकला. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मी सोफ्यावर टेकलो. गुन्हेगार खुर्च्या समोरच होत्या, सागवानी, वजनदार, काकांच्या लग्नातल्या असाव्यात. मी खिशाला हात लावला, घसा साफ केला. तेवढ्यात माझ्या तळपायाला काहीतरी कळलं.

कर्रर्र... कुई. कर्रर्र... कुई.

मी चहाचा कप तसाच धरून बसलो. आधी वाटलं, यांच्या घरात काही आहे. मग दुसरी 'कुई' जरा लांबली आणि मी ओळखलं. जाताना पायाने रेटा देऊन येताना पाय वर घ्यायची आमच्या हिची सवय आहे, तेव्हा ती अशीच लांबते. तो आमचा झोपाळा होता. सहा वर्षांपूर्वी तांबाकाट्यावरून पितळी कड्या आणून मी हौसेने बसवलेला. कारागिराने छतात चार हूक ठोकले होते आणि म्हणाला होता, 'साहेब, हत्ती बसला तरी हलणार नाही.' छतात म्हणजे कशात, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आमचं छत ही यांची फरशी. रोज संध्याकाळी जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास आम्ही ही फरशी ओढत होतो, सहा वर्षं, आणि रविवारी दुपारीसुद्धा.

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे. त्यांनी शांतपणे रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

'काय एकेक बातम्या देतात हल्ली,' ते म्हणाले.

काकूंनी बशीत चकल्या आणल्या. बातम्या इतक्या मोठ्याने चालल्या होत्या की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकायला वाकावं लागत होतं. मी दोन चकल्या खाल्ल्या, सोसायटीच्या टाकीच्या सफाईबद्दल काहीतरी बोललो आणि खिशातलं पाकीट खिशातच घेऊन खाली आलो.

रविवारी सकाळी शिडी लावून चारी कड्यांना शिवणमशीनचं तेल घातलं. कापडाने पुसून पुन्हा घातलं. बायकोने विचारलं, 'आज एकाएकी काय?' मी म्हटलं, 'गंज चढत होता.' पितळेला गंज चढत नाही, हे तिला माहीत आहे, पण तिने पुढे विचारलं नाही. बुचं आमच्या खुर्च्यांना लावली. आमच्याही खाली 203 आहे.

सोमवारी काका लिफ्टमध्ये भेटले. चौथ्या मजल्यावरून ते येत होते, तिसऱ्यावर मी चढलो. त्यांनी नेहमीसारखं छान हसून घेतलं. आता ते झोपाळ्याचं काही म्हणतील, निदान 'आवाज थांबला' म्हणतील, असं मला उगाच वाटत होतं.

'पाऊस लांबला यंदा,' ते म्हणाले.

'हो ना,' मी म्हटलं.

त्या रात्री सव्वाअकराला वर खुर्ची सरकली. लांबलचक, घर्रर्र करून. मी उठलो आणि पंखा पाचवर केला.