स्थिर काय आहे?

स्नेहसंमेलनावर आणि सहलींवर लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी स्मरणिकेतलं एक पान प्रयोगशाळेसाठी मागून घेतलं.

व्होल्ट वाढवले की विजेची धारा त्याच प्रमाणात वाढते, या ओहमच्या नियमाचा प्रयोग सगळ्याच शाळांत होतो. अमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर, वायरींची टोकं पॉलिशपेपरनं घासलेली, आणि सर जोडणी पाहून गेल्याशिवाय कळ दाबायची नाही. नायक्रोमच्या तारेतून २ व्होल्टला ०.४ अँपिअर, ३ व्होल्टला ०.६. व्होल्टला अँपिअरनं भागलं की दोन्ही वेळा ५ ओहम, हा तारेचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा. आलेख सरळ रेषेत आला की प्रयोगवही मिटायची.

आमचे विज्ञानाचे सर मात्र तार काढून तिथं विजेरीचा बल्ब लावायला सांगत. ०.५ व्होल्टला धारा ०.१२ अँपिअर, बल्ब जेमतेम तांबूस; रोध आला ४.२ ओहम. २.५ व्होल्टला लख्ख उजेड, काटा ०.३ वर, रोध ८.३. रेषा वाकली. कोणी तरी म्हणालंच, "सर, मीटर बिघडलाय." मीटर ठणठणीत होता. तंतू तापला की त्याचा रोध वाढतो, आणि भागाकारातून मिळतो तो त्या क्षणाचा रोध, बल्बवर कायमचा कोरलेला आकडा नव्हे. शक्ती, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, काढायला व्होल्ट गुणिले अँपिअर पुरतं: आधी ०.०६ वॉट, नंतर ०.७५. व्होल्ट पाचपट, वॉट साडेबारापट.

जॉर्ज ओहम स्वतः शाळामास्तर होता, कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यानं हे प्रयोग केले आणि १८२७ साली पुस्तक काढलं, हे सर जरा छाती फुगवूनच सांगत. त्यांना तो हक्क होता.

खरी भंबेरी उडायची ती दोन सूत्रांनी. शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. आणि शक्ती म्हणजेच व्होल्टच्या वर्गाला रोधानं भागणं. मग रोध वाढला की शक्ती वाढते की घटते? वर्गात दोन तट पडायचे. सर फळ्याकडे पाठ करून एवढंच विचारत, "स्थिर काय आहे ते सांगा." २ आणि ४ ओहमच्या तारा ६ व्होल्टला समांतर जोडल्या तर व्होल्ट दोघींना सारखेच: पहिलीत १८ वॉट, दुसरीत ९. त्याच तारा एकसर जोडल्या की दोघींतून १ अँपिअर: पहिलीत २ वॉट, दुसरीत ४. गरम कोणती, हे नुसत्या तारेकडे बघून सांगताच येत नाही.

आता माझं काम विद्युत पॅनेलच्या देखभालीचं, आणि हा प्रश्न तिथं रोज उभा राहतो. हीटरच्या वायरचा स्क्रू सैल झाला की त्या सांध्याचा रोध समजा ०.१ ओहम होतो. हीटर असतो पंधरा-एक ओहमचा, त्यापुढे ०.१ कुठे दिसणार? धारा जवळपास तीच, १५ अँपिअर. सांध्यावर पडतात अवघे दीड व्होल्ट, त्यामुळे नवीन पोरं दुर्लक्ष करतात. पण त्या एका स्क्रूपाशी २२.५ वॉट उष्णता तयार होते, जवळजवळ एका छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. तापून तांबं काळवंडतं, रोध आणखी वाढतो, इन्सुलेशन करपतं. फ्यूज उडत नाही, कारण धारा वाढलेलीच नसते. म्हणून आम्ही भार, म्हणजे हीटरसारखं वीज खाणारं उपकरण, चालू ठेवून प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंमधले मिलिव्होल्ट मोजतो, आणि इतरांपेक्षा आकडा जास्त दिसला की वीज बंद करून तो स्क्रू आधी उघडतो.