सायक्स घरात शिरला कसा?

बायकोच्या खुनाचा आळ येऊन फरार झालेल्या डॉक्टर किंबलचा 'द फ्युजिटिव्ह' हा सिनेमा पाहून झाला की आमच्या घरी एकच वाद रंगतो. दाराची कडी शाबूत, कुठे तोडफोड नाही, मग तो एकहात्या खुनी सायक्स किंबलच्या घरात शिरला कसा? धाकटे दीर ठामपणे म्हणतात, "वहिनी, इथे पटकथाच फसलीय."

भाऊजी, फसलेली नाही. शेवटाकडे हॉटेलच्या लाँड्रीत किंबलच्या मागावर असलेला मार्शल जेरार्ड ओरडून सगळं सांगतो: खुनाच्या रात्री किंबलचा डॉक्टर मित्र निकल्स याने त्याची गाडी नेली होती, किल्ल्या त्याच्याकडे होत्या, सायक्सला फोनही त्याच गाडीतून केला. यंत्रांच्या गोंगाटात चार वाक्यं, की विषय संपला. टीव्हीवर बघताना, मध्येच जाहिराती आणि स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना, ती निसटतातच. म्हणून माझा आग्रह असतो, हा सिनेमा डिस्कवर आणि सबटायटल लावून बघा.

डिस्कचं म्हणाल तर 2001 च्या डीव्हीडीवर दिग्दर्शक अँड्र्यू डेव्हिस आणि जेरार्ड झालेले टॉमी ली जोन्स यांची कॉमेंटरी आहे. नणंदेने ती अमेरिकेहून इंदूरला आणली, पण डीव्हीडीला देशांच्या गटांनुसार रीजनचं कुलूप असतं; ती अमेरिकेच्या रीजन 1 ची आणि आपले प्लेअर रीजन 5 चे. पडद्यावर नुसती सूचना! शेवटी कॉम्प्युटरवर लावली. तिथेही ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, तेव्हा जपून. 2023 मध्ये, सिनेमाला तीस वर्षं झाली तेव्हा, जास्त स्पष्ट चित्राची 4के डिस्क निघाली. 4केला रीजनचं कुलूप नसतं. ट्रेनच्या अपघातासाठी तरी तीच घ्या. नॉर्थ कॅरोलायनात डिल्सबरोजवळ खरीखुरी गाडी आदळवली आहे.

पण माझा जीव अडकतो तो यकृताच्या स्लाइडवर. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हेच काम करते. प्रोव्हॅसिक हे औषध यकृत बिघडवतं हे किंबलने ओळखलेलं असतं, म्हणून निकल्स नमुने बदलतो आणि सायक्सला खरं तर किंबललाच मारायला पाठवतात. किंबल ऑपरेशनसाठी बाहेर गेलेला, आणि त्याची बायको हेलन जिवानिशी जाते. पुढे लक्षात येतं की पास झालेले नमुने एकाच निरोगी यकृताचे आहेत. हे अगदी पटतं. एकाच ब्लॉकचे, म्हणजे मेणात बसवलेल्या नमुन्याचे, चार-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागोपाठ काप घेतले की शिरा त्याच जागी, त्याच वळणाने दिसतात. सरावलेली नजर ते लगेच पकडते.

माझा प्रश्न वेगळाच आहे. स्लाइड बदलल्या, ठीक. पण मूळ मेणाचे ब्लॉक? आम्ही ते वर्षानुवर्षं नंबर घालून कपाटात ठेवतो, आणि शंका आली की पहिल्यांदा ब्लॉकच मागवतो. किंबलने ते मागवले असते तर निकल्सने काय उत्तर दिलं असतं? भाऊजी, आता यावर बोला.