तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याकडे ए प्लस आहे, मग ए मायनस का नाही?

डिग्री कॉलेजात शिकवते म्हटलं की लग्नकार्यात कोणीतरी हमखास विचारतं, "तुमच्याकडे ए प्लस असतो ना, मग ए मायनस का नसतो?" विचारणाऱ्यांची भाची किंवा मुलगा बहुधा अमेरिकेत एमएसला असतो आणि पहिल्याच सेमिस्टरला ए मायनस आलेला असतो. घरच्यांना तो मायनस खुपतो. एका काकांनी तर आवाज खाली आणून विचारलं होतं, "काही दंडबिंड आहे का हो?"

दंड नाही. तिकडे प्रत्येक ग्रेडला ठरलेले पॉइंट असतात. साधारणपणे ए म्हणजे 4.0, ए मायनस 3.7, बी प्लस 3.3 आणि बी 3.0. ए आणि बी यांच्यात अख्ख्या एका पॉइंटची उडी होती, तिथे मध्ये दोन पायऱ्या घातल्या, एवढंच. थोडक्या मार्कांनी ए हुकलेल्याला याचा फायदा होतो. सगळ्यांत वरच्यांचं मात्र नुकसान होतं, कारण बऱ्याच विद्यापीठांत ए प्लस मिळाला तरी 4.0 च धरतात. स्टॅनफर्ड 4.3 देतं, पण सगळीकडे तसं नाही. म्हणजे वरच्यांना प्लस वर नेत नाही आणि मायनस खाली ओढतो. एमएसच्या मुलांची धास्ती वेगळीच असते. अनेक ठिकाणी सरासरी 3.0 राखावी लागते आणि बी मायनस असतो 2.7 चा. एमआयटीची तर और तऱ्हा: तिथे प्लस-मायनस देतात, पण ते आतल्या नोंदीपुरते. बाहेर जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, नुसतं अक्षर.

आता आपला प्लस. यूजीसीने सुचवलेल्या दहा पॉइंटांच्या पद्धतीत ओ (आउटस्टँडिंग) म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5 आणि पी (पास) 4. नीट बघा, प्रत्येक ठिकाणी पूर्ण एकाचा फरक आहे. आपला प्लस मधली पायरी नाहीच, ती स्वतंत्र श्रेणी आहे. ए प्लसला सरळ ए आणि एला बी म्हणता आलं असतं, पण मग सगळी रांग एकेक अक्षर खाली सरकली असती आणि मार्कशीटवर ई आलेला कोणाच्या आईला चालला असता? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनेही तेच केलं. कॉलेजांसाठी ए प्लस प्लस ठेवला, बी प्लस प्लसही ठेवला, मायनस मात्र नाही. आयआयटी मुंबईने चिन्हांची भानगडच ठेवली नाही. तिथे एए, एबी, बीबी, बीसी अशा अक्षरांच्या जोड्या आहेत.

मग मायनस आणावा का? मला विचाराल तर आपलं दुखणं तिथे नाहीच. अमेरिकेत शेवटी अक्षर हाच निकाल असतो, म्हणून त्याला प्लस-मायनस लावून धार काढावी लागते. आपण पेपर तपासतो मार्कांत, अर्ध्या मार्कासाठी घासाघीस करतो, इंटर्नल आणि एक्स्टर्नलची बेरीज करतो आणि ती धार शेवटच्या क्षणी बोथट करतो. मुंबई विद्यापीठात 2016-17 पासून आलेल्या दहाच्या पद्धतीत 80 आणि त्यावर ओ होता, 70 ते 79.99 ए प्लस. म्हणजे 80 आणि 98 सारखेच, पण 79 आणि 80 वेगळे. मधल्या मुलांसाठी मात्र 50 ते 60 मध्ये बी आणि बी प्लस असे पाच-पाच मार्कांचे दोन कप्पे. बारकाई कुठे हवी होती आणि कुठे केली!

79 वाली मुलगी निकालानंतर स्टाफरूमच्या दारात उभी राहते. "मॅडम, एकच मार्क हो." तिचा हिशेब चुकीचा नसतो. वीस क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये चार क्रेडिटच्या विषयात एक पॉइंट गेला की एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची पॉइंटांची सरासरी, 0.2 ने खाली येतो. कुंपणावर असलेल्या मुलीला 0.2 म्हणजे थोडंथोडकं नाही. मध्ये ए प्लस-प्लस घातला तर तिचा तोटा निम्मा होईल खरा, पण कुंपणं दुप्पट होतील आणि दारात दुप्पट मुलं. मी म्हणेन, ग्रेडशेजारी मार्क छापा. नोकरीच्या फॉर्मवर पुन्हा टक्केवारीच मागतात, आणि मुलं प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं सूत्र शोधत बसतात.

आणि भाचीच्या ए मायनससाठी: ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा ग्रेडचा तक्ता छापलेला असतो. तेवढं पान स्कॅन करून काकांना पाठवायला सांगा.