थिनरच्या खोलीवरची पाटी

गेली अकरा वर्षे मी इंग्रजीतून मराठीत तांत्रिक भाषांतर करतो. ओळखीच्यांना वाटते की मी कादंबऱ्यांचे अनुवाद करीत असेन. प्रत्यक्षात माझ्यापुढे असतात यंत्रांची माहितीपत्रके, औषधांच्या खोक्यांतल्या बारीक अक्षरांच्या घड्या आणि कारखान्यांच्या भिंतींवरच्या पाट्या. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ प्रमाणे कामगारांसाठीच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्या लागत, त्यामुळे या कामाला खळ नसे. मागच्या उन्हाळ्यात रंग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या बेचाळीस पाट्या मी मराठीत केल्या आणि त्यांतली एक पाटी तीन आठवडे धडधडीत खोटे सांगत भिंतीवर राहिली.

कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा दूरध्वनी आला तेव्हा त्याने चूक सांगितली नाही, “सर, एकदा येऊन पाहून जाल का?” एवढेच म्हणाला. मी गेलो. आवारात शेजारी शेजारी दोन खोल्या होत्या: एकीत पाण्यात कालवलेले रंग, दुसरीत थिनर आणि टोल्यूइनचे ड्रम. दुसऱ्या खोलीच्या दारावर माझ्याच शब्दांत, ठळक लाल अक्षरांत लिहिले होते, “या खोलीत अज्वलनशील द्रव साठविलेले आहेत.”

टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकेल असे किमान तापमान, साधारण ४ अंश सेल्सिअस आहे. फ्रिजमधल्या दुधाइतके थंड असतानाही त्याच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ जमलेली असते. बाहेर तर एप्रिलचे ऊन होते.

चूक पकडली होती तिथल्या वयस्क स्टोअरकीपरने. सगळे त्यांना नाना म्हणत. इंग्रजी पाटी ते वाचत नसत. मराठी पाटी लागली म्हणून त्यांनी ती वाचली. मला पाहिल्यावर ते शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमच्या पाटीवर लिहिलंय की हे पेटत नाही. मग गेटवर आमचे मोबाइल आणि काडेपेट्या कशाला काढून घेतात?” मला उत्तर सुचले नाही. त्या पाटीखालून तीन आठवडे ये-जा करणाऱ्या, पदव्या घेतलेल्या एकाही माणसाला हा प्रश्न पडला नव्हता, हेही इथे नोंदवले पाहिजे.

हे घडले कसे, ते घरी येऊन फाइल उघडल्यावर कळले. आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यात आधी केलेली वाक्ये साठत जातात आणि नवे वाक्य जुन्याशी मिळतेजुळते निघाले की ते जुने भाषांतर आपोआप पुढ्यात ठेवते. पहिल्या खोलीची पाटी मी वर्षभरापूर्वी केली होती: “नॉन-फ्लेमेबल” द्रव, म्हणजे अज्वलनशील. आता दुसऱ्या खोलीचे वाक्य आले, त्यात “इन्फ्लेमेबल” होते. सात शब्दांपैकी सहा जसेच्या तसे, सातवाही दिसायला जवळचाच, म्हणून सॉफ्टवेअरने पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक जुळणी दाखवून जुनेच वाक्य भरले. अशा जुळणाऱ्या वाक्यांना अनुवादसंस्था निम्म्याहूनही कमी दर देते. कमी दराच्या वाक्यावर माणूस किती वेळ थांबेल, याचा हिशेब दर ठरविणाऱ्यांनी कधी केलेला नाही. तरीही शेवटचे बटण मी दाबले होते, संस्थेने नव्हे.

मला सर्वांत अधिक लागले ते असे, की हा शब्द मला चांगला ठाऊक होता. नवख्या भाषांतरकारांना मी तो शिकवतो. इंग्रजीत “फ्लेमेबल” आणि “इन्फ्लेमेबल” यांचा अर्थ एकच: पेट घेणारा. लॅटिनमध्ये “फ्लाम्मा” म्हणजे ज्वाला आणि “इन्फ्लाम्मारे” म्हणजे पेटविणे. या शब्दातला “इन” नकाराचा नसून “आत”, “मध्ये” अशा अर्थाचा आहे. लॅटिनमध्ये नकाराचाही एक “इन” आहे, आपल्या संस्कृतातल्या अ-अन् या उपसर्गांचा तो सख्खा भाऊबंद. पण या विशेषणात तो नाही. डॉक्टर “इन्फ्लेमेशन” म्हणतात ते याच घराण्यातले, आणि मराठीने त्याला “दाह” म्हणून मुळाशी इमान राखले आहे. स्पेलिंगमध्येही एक गंमत आहे: “इन्फ्लेम” या क्रियापदात एम एकच, विशेषणात मात्र लॅटिनप्रमाणे दोन, आणि तो दुसरा एम गाळलेल्या पाट्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

जुना शब्द “इन्फ्लेमेबल” हाच. तो इंग्रजीत १६०० च्या आसपास आला, “फ्लेमेबल” दोनशे वर्षांनी. धोका ओळखला तो विद्वानांच्या आधी आगीशी रोज गाठ पडणाऱ्यांनी: अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९२० च्या दशकात “फ्लेमेबल” वापरण्याचा आग्रह सुरू केला, आणि ब्रिटनच्या मानक संस्थेने १९५९ मध्ये तेच धोरण जाहीर केले. फ्रेंचांनी मूळ शब्द ठेवला आणि नकारासाठी त्याच्यापुढे आणखी एक “इन” लावला. आपल्याकडे मात्र दोन्ही शब्द सुखाने नांदतात. कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये “इन्फ्लेमेबल” होता, १९५२ च्या एका अख्ख्या कायद्याच्या नावात तो आहे, टँकरच्या पाठीवर तो रंगविलेला असतो. आणि १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत “फ्लेमेबल” आहे. या कारखान्याने एक पाटी जुन्या कागदांवरून उतरविली होती, दुसरी नव्या तक्त्यावरून. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

आपल्या भाषेतही असे सापळे आहेत, असे मी वर्गात नेहमी सांगतो. आमरण उपोषणाला बसलेल्या माणसाला कोणी अमर समजत नाही, कारण आपला कान “आ” आणि “अ” वेगळे ऐकतो. हे उदाहरण मी इतक्या वेळा दिले आहे की ते देताना मला स्वतःचे कौतुक वाटत असे. नानांच्या प्रश्नानंतर ते देण्याची इच्छा उरलेली नाही.

कारण त्या रात्री दुसरीच गोष्ट ध्यानात आली. इंग्रजीतला घोळ एका उपसर्गाचा, असे मी म्हणत आलो. पण मराठीत मी स्वतः काय केले होते? ज्वलनशील आणि अज्वलनशील. दोन्ही खोल्यांच्या पाट्यांत फरक असायचा होता तो फक्त सुरुवातीच्या एका अक्षराचा. व्हिनायलची कापलेली अक्षरे उन्हात सुटून पडतात हे पाट्या बनविणारा कोणीही सांगेल. पाण्याच्या रंगांच्या खोलीवरचा “अ” पडला असता तर निष्कारण घाबरगुंडी उडाली असती, एवढेच. थिनरच्या खोलीवर तो चुकून लागला, तेव्हा मात्र धोका गुपचूप झाकला गेला. शिवाय पेट्रोलियमच्या सरकारी वर्गवारीत २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेले, म्हणजे सर्वांत धोक्याचे द्रव “अ” वर्गात येतात. मराठी वाचणाऱ्या कामगाराने कोणता “अ” धरायचा?

मी संस्थेला लिहिले की पाट्यांपुरती ही जोडी टाकून द्यावी आणि एका खोलीवर “चटकन पेट घेणारा द्रव”, दुसरीवर “पाण्याचे रंग” असे सरळ लिहावे. दोन दिवसांनी उत्तर आले. मंजूर शब्दसूचीत “ज्वलनशील” आहे, “चटकन” हा शब्द पाटीच्या दर्जाचा नाही, आणि चुकीच्या पाटीचा छपाईखर्च माझ्या बिलातून वळता केला जाईल. शेवटच्या मुद्द्यावर माझी तक्रार नाही. “दर्जा” या शब्दावर आहे आणि ती राहील.

नवी पाटी लागली, तिच्यावर “ज्वलनशील” आहे आणि ते बरोबर आहे. दिवाळीपूर्वी दुसऱ्या कामासाठी तिकडे जाणे झाले, तेव्हा पाटीखाली सुतळीने बांधलेला एक पुठ्ठा दिसला. नानांनी त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिले होते, “थिनर. पेटतो.” ठरलेल्या नमुन्यात बसत नाही म्हणून तपासणीच्या आधी तो काढावा लागेल, असे सुरक्षा अधिकारी म्हणाला; पण त्या दिवशी तरी त्याने तो काढला नव्हता.