आमची वाटचाल: रिमोटच्या डब्यापासून

आमच्या दादरच्या ऑफिसात शिरलं की उजव्या हाताला कपाटावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात शंभरच्या वर रिमोट आहेत, बहुतेक मेलेले. नवीन आलेली मुलं विचारतात हे भंगार कशाला ठेवलंय. मोबाइल आणि टीव्हीची ॲप डिझाइन करायचा आमचा सगळा धंदा त्या डब्यावर उभा राहिलाय म्हणून आधी त्याचंच सांगते.

२०१४ ला सुरू केलं तेव्हा आम्ही दोघी होतो आणि क्लासवाल्यांच्या, केटररच्या वेबसाइट करायचो, ते सोडून देते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्याच्याकडे चार तासांचं रेकॉर्डिंग होतं त्यालाही स्वतःचं ॲप हवं झालं. गिरगावातले काका तेव्हा आमच्याकडे आले. त्यांचं वेगळं होतं, वर्षानुवर्षं जमवलेली मराठी नाटकांची रेकॉर्डिंग, एकेका नाटकाच्या हक्कांचे कागद फाइलला लावलेले. मोबाइलचं ॲप आम्ही केलं, ते चाललं. मग २०१७ ला फायर टीव्ही स्टिक, म्हणजे टीव्हीला लावली की त्यावर ॲप चालतात ती कांडी, भारतात आली आणि काका म्हणाले, "पोरी, नाटक घरच्यांनी मिळून बघायचं असतं, ते टीव्हीवर आण."

टेस्टिंगला जुना टीव्ही हवा म्हणून मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले, कारण नव्याकोऱ्या टीव्हीवर सगळंच छान पळतं. तिथे आतल्या गल्लीत रिपेरिंगचं दुकान, त्यात भाऊ. मी म्हटलं सगळ्यात स्लो टीव्ही दाखवा. त्यांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली, कशासाठी ते नीट विचारलं, आणि मी लॅपटॉपवर डिझाइन दाखवल्यावर अर्ध्या मिनिटात म्हणाले, "ताई, हे कडेचं सगळं कापलं जाणार." अहो, ओव्हरस्कॅन! टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा खातो, हे मला कुठल्या कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं. आजही आम्ही १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर दोन्ही बाजूंना ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे सोडतो, त्यात एकही बटण ठेवत नाही. तुम्हीही सोडा.

महिन्याभरात भाऊ आमचे पार्टनर झाले. कागदावर नंतर, पण खरे तेव्हापासून. ते रिपेरिंगच्या कॉलवर जायचे तेव्हा मी पाठीला बॅग लावून मागे. लालबाग, परळ, गिरगावच्या चाळी, ठाण्यापर्यंत. टीव्ही कपाटाच्या वर ठेवलेला, माणूस कॉटवर आडवा, मध्ये दहा फूट. आमचं डिझाइन आम्ही दीड फुटावरून बघत होतो.

काकांच्याच आई, आम्ही आजी म्हणायचो, त्यांच्याकडची दुपार मला जशीच्या तशी आठवते. रिमोट प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, कव्हर पिवळं पडलेलं, वर रबरबँड. आजी आधी रिमोटकडे बघून बटण शोधायच्या, दाबायच्या, मग मान वर करायच्या. तोपर्यंत निवड पुढच्या पोस्टरवर गेलेली असायची आणि आम्ही दाखवत होतो काय तर दोन पिक्सेलची निळी रेघ. त्यांना ती दिसायचीच नाही. म्हणायच्या, "अगं, मी कुठे आहे तेच कळेना." टीव्हीच्या डिझाइनचं पूर्ण दुखणं त्या वाक्यात आहे. फोनवर बोटाखाली जे आहे ते आपलं, टीव्हीवर बोट नाही, तुम्ही कुठे उभे आहात ते स्क्रीननेच सांगायचं असतं, आणि मान खाली घालून वर केलेल्या माणसाला एका नजरेत सांगायचं असतं. आम्ही निवडलेलं पोस्टर मोठं केलं, जाड कड दिली, तीही शुभ्र पांढरी नाही कारण अंधारात डोळ्यांत घुसते, बाकीची पोस्टरं थोडी मंद केली.

दुसरं म्हणजे आजींचं नाटक सुरू व्हायचं आणि लगेच थांबायचं. आम्ही दोन दिवस कोड तपासला. भाऊंनी रिमोट उघडला. रबरी बटणांच्या खाली काळा कार्बनचा ठिपका असतो, ओकेचा ठिपका झिजलेला, त्यामुळे एकदा दाबलं की दोनदा लागायचं, पहिल्यात प्ले, दुसऱ्यात पॉज. भारतात ओके झिजलेले रिमोट किती असतील! आम्ही पाव सेकंदाच्या आत आलेला दुसरा ओके सोडून द्यायला लागलो, तक्रारी तिथल्या तिथे बंद झाल्या. तेव्हापासून भाऊ दुकानातले मेलेले रिमोट डब्यात टाकायला लागले.

मोबाइलची टेस्ट मी स्वतः करायचे, डोंबिवलीहून दादरला येताना. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, आत शिरली की नेटवर्क गेलंच. बाहेर पडल्यावर नाटक तिथूनच सुरू व्हायला हवं, आणि रात्री घरी टीव्ही लावला तर तिथेही त्याच वाक्यावर. त्यासाठी कुठपर्यंत बघितलं ते फोनमध्येच दर काही सेकंदांनी लिहून ठेवायचं आणि रेंज आली की सर्व्हरवर पाठवायचं. सोपं वाटतं, आम्हाला तीन महिने लागले.

आणि मग २०१९. काकांच्या कंपनीत पैसे घालणारे लोक आले, त्यांची माणसं वर बसली, आणि आमचं रिडिझाइन अर्धं झालेलं असताना काम लोअर परळच्या एका मोठ्या एजन्सीकडे गेलं. आम्हाला मेलवर कळवलं. फाइल्स हॅंडओव्हर करा, बस. आम्ही केल्या, सगळ्या, नीट नावं देऊन. साडेनऊ लाखांचं बिल मात्र अडकलं. आधी म्हणाले पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, जुन्या नावावर आहे, मग म्हणाले कामाला मंजुरी कोणाची आहे, मग फोन उचलणंच बंद. मी त्या ऑफिसच्या रिसेप्शनवर तीनदा बसून आले, पाण्याचा ग्लास देऊन परत पाठवलं.

सहा जणांचे आम्ही तिघं झालो. भाड्याचे तीन महिने थकले. भाऊंनी एका संध्याकाळी बायकोला न सांगता स्वतःची एफडी मोडली आणि पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं, म्हणाले, "ताई, पोरांचे पगार करा." ते पाकीट मी विसरणार नाही. म्हणून सांगते, कोणी विचारलं नसलं तरी सांगते, छोटी फर्म असेल तर काम घ्यायच्या आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. छोट्या उद्योगांसाठी एमएसएमईचा २००६ चा कायदा आहे, करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत, अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज, आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार घालता येते. आमची तेव्हा कसलीच नोंदणी नव्हती. आणि शेवटच्या फाइल्स शेवटच्या चेकशिवाय देऊ नका.

त्या एजन्सीने काय केलं तर मोबाइलचं डिझाइन ताणून टीव्हीवर लावलं. खाली टॅब, कोपऱ्यात तीन रेघांचा मेनू, पोस्टरवर थांबलं की ट्रेलर आपोआप सुरू. एक जीबी रॅमचा टीव्ही त्यात गुदमरतो. शिवाय टीव्हीतलं ब्राउझर इंजिन, म्हणजे ॲपची पानं स्क्रीनवर मांडणारा भाग, बहुतेक वेळा टीव्ही बनला त्या साली जे होतं तेच राहतं. सीएसएस ग्रिड, म्हणजे पानावर चौकटी मांडायची पद्धत, क्रोममध्ये २०१७ च्या मार्चमध्ये आलं, त्याआधीच्या इंजिनावर त्यांचं होमपेज एकाखाली एक कोसळायचं. आणि नाटकांच्या नावांची वेलांटी वरून कापलेली, उकार खालून कापलेला, कारण ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने धरलेली. आपल्याच मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला मुक्ता फॉन्ट फुकट मिळतो, तो घेऊन ओळ जरा सैल सोडायची एवढंच होतं. मराठी नाटकाच्या ॲपवर मराठी कापलेलं बघून मला रडू आलं.

२०२० च्या जानेवारीत रविवारी सकाळी काकांचा फोन. "आईला नाटक लागत नाहीये. तू ये." बाकी काही बोलले नाहीत. मी आणि भाऊ गेलो. काकांनी पुढच्या पंधरा दिवसांत भांडून काम आमच्याकडे परत आणलं, जुनं बिलही निम्मं स्वतःच्या खिशातून दिलं. उरलेलं निम्मं आजही आलेलं नाही.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, नेटवर्कवर ताण नको म्हणून मोठ्या ॲपवाल्यांनी मोबाइलवर एचडी बंद करून चित्र कमी दर्जावर, ४८०पी वर आणलं, आणि आम्ही घरून, व्हिडिओ कॉलवर भाऊंना रिमोट धरायला लावून नवीन लॉगिन केलं. टीव्हीवर पासवर्ड टाइप करायचाच नाही, टीव्ही सहा आकडे दाखवणार, ते फोनवर टाकले की झालं. त्यानंतर काम चालू राहिलं, माणसं वाढली, पैसे वेळेवर आले.

पण एक गोष्ट जात नाही. त्या एजन्सीच्या साइटवर केस स्टडीत अजून आमचा फोकस, म्हणजे निवडलेलं पोस्टर मोठं करून दाखवायची ती रीत, लावलेला आहे, खाली त्यांचं नाव. मी दोन मेल केल्या, उत्तर नाही. कोणाला पुरावा हवा असेल तर ऑफिसला या, २०१८ च्या तारखेची स्केचं आहेत, त्यावर भाऊंच्या चहाचे डाग आहेत.

सध्या सर्चचा कीबोर्ड चाललाय. मुळाक्षरांच्या क्रमाने पाच-पाचच्या पाच ओळी, क ते म, शाळेतल्या तक्त्यासारख्या, म्हाताऱ्या माणसांचं बोट बरोबर जातं. भाऊ म्हणतात ङ आणि ञ काढा, कोणी दाबत नाही, उगाच दोन वेळा जास्त बटण मारावं लागतं. मी म्हणते काढले की खालच्या ओळी सरकतात आणि ट च्या वर च राहत नाही. शनिवारी दोन्ही प्रकार घेऊन गिरगावात जायचंय.