आयडिया: डोळ्यातून डोक्यात

'आयडिया लढवली' म्हणजे युक्ती केली. 'मला काहीच आयडिया नाही' म्हणजे ठाऊक नाही. मूळ ग्रीक 'इदेआ'त यातलं काहीच नव्हतं. 'इदेइन' म्हणजे पाहणे, आणि 'इदेआ' म्हणजे जे दिसतं ते: रूप, ठेवण.

या धातूच्या तोंडाशी एके काळी 'व' होता. अथेन्सच्या ग्रीकमधून तो गळून पडला. लॅटिनमध्ये टिकला, म्हणून 'व्हिडिओ', 'व्हिजन'मध्ये अजून ऐकू येतो. संस्कृतात तोच 'विद्', फक्त अर्थ 'जाणणे'. पाहणं आणि जाणणं यांचा सांधा एका रूपात स्पष्ट दिसतो: ग्रीक 'ओइदा' आणि संस्कृत 'वेद', दोन्हींचा अर्थ 'मी जाणतो', पण घडण दोन्हीकडे 'पाहून झालंय' अशी. म्हणजे विद्या, विदित, निवेदन ही 'आयडिया'ची भावंडंच. 'इडियट' मात्र त्या घरातला नाही. तो 'इदिओस', म्हणजे खासगी, स्वतःपुरता, यावरून आला.

प्लेटोच्या लेखी सौंदर्याची 'इदेआ' कुणाच्या डोक्यात नसते. विचार करायला कुणी नसलं तरी ती असतेच. पुढे ख्रिस्ती विचारवंतांनी या इदेआ ईश्वराच्या मनात नेऊन ठेवल्या, आणि सतराव्या शतकात देकार्त आणि लॉक या तत्त्वज्ञांनी हा शब्द माणसाच्या मनातल्या ऐवजासाठी रुळवला. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९ साली तो आणखी आवळला: ताजा, ठसठशीत अनुभव तो 'इम्प्रेशन', त्याची मनात उरणारी फिकट नक्कल ती 'आयडिया'.

भाषांतर अडतं ते इथेच. प्लेटोच्या 'आयडिया'ला 'कल्पना' म्हटलं की त्याचा मुद्दाच उलटा होतो; तिथे 'रूप' बरं. ह्यूमला 'कल्पना' चालून जाते. लॉकला ती तोकडी पडते, कारण तो थंडीच्या किंवा पिवळ्या रंगाच्या जाणिवेलाही 'आयडिया'च म्हणतो. 'संकल्पना' मात्र 'कन्सेप्ट'साठी राखून ठेवावी. त्या शब्दाचं मूळ लॅटिन, 'आत धरून घेणे' या अर्थाचं. गर्भधारणेचा 'कन्सेप्शन'ही तिथलाच. आपल्या 'धारणे'तही हे दोन्ही अर्थ आहेत, हे मला फार आवडतं.

'आयडियॉलॉजी'चं नशीब वेगळंच. देस्त्यूत द त्रासी या फ्रेंच विचारवंताने १७९६ मध्ये तो शब्द घडवला तो मनात कल्पना कशा तयार होतात, याच्या शास्त्रासाठी. नेपोलियनने 'आयडियॉलॉग' ही शिवी करून टाकली, आणि ते शास्त्र मागे पडून राजकीय विचारसरणी हाच अर्थ उरला.